दोन रुळांमधले अंतर

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरज स्थानकाच्या यार्डात दहा टाकी-वाघिणींची एक गाडी उभी होती. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन-पुसून आणलेल्या त्या वाघिणींत कृष्णेचे पाणी भरले गेले. ११ एप्रिलला ती गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद करीत १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी पन्नास झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर जाऊ लागले आणि पावसाळ्यात लातूरकरांचा जीव भांड्यात पडेपर्यंत गाडीच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘जलदूत’ या नावाने ती देशभर गाजली.

त्या उन्हाळ्यात पाण्यावर, उसावर आणि राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. ते व्हायलाच हवे होते. माझे लक्ष मात्र राहून राहून गाडीच्या वाटेकडे जात होते. मिरज ते लातूर हा जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग मी लहानपणी पाहिला होता तो ‘बार्शी लाईट’चा. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. जलदूत आणखी दहा वर्षे आधी लागली असती, तर या वाटेने ती मिरजेच्या पुढे एक पाऊल टाकू शकली नसती. तिची चाके त्या रुळांवर बसलीच नसती.

थोडा हिशोब करून पाहू. जलदूतच्या एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. वाघिणीचे स्वतःचे वजन धरले की चार आसांवर मिळून ऐंशी टनांच्या आसपास, एका आसावर वीस टन भार येतो. बार्शी लाईट ज्या माणसाने बांधली त्याने एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा नियम घालून घेतला होता. चार आसांची वाघीण म्हणजे सगळी मिळून वीस टन. त्यातले एक तृतीयांश वजन वाघिणीचेच धरले, तर पाणी मावणार तेरा टन. मिरजेला ब्रॉडगेजच्या एका टाकीचे पाणी पंपाने उपसून छोट्या लाईनच्या चार टाक्यांत भरायचे, असे पन्नास वेळा, आणि मग कुठे एक खेप पुरी. नळाला तोंड लावून बसलेल्या शहराला हे कळवणे कठीण गेले असते.

दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. एका रुळाच्या माथ्याच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत ते मोजतात. गाडीची चाके आसावर घट्ट बसवलेली असतात, दोन्ही चाके आसासकट एकत्र फिरतात. त्यामुळे आसावरच्या चाकांतले अंतर एकदा ठरले की ठरले. बैलगाडीला रस्ता थोडा अरुंद मिळाला तर एक चाक मातीत घालून गाडी निघते. रेल्वेला ती सोय नाही. म्हणून रस्त्यांच्या जगात जो प्रश्न कधी उभाच राहिला नाही, तो रेल्वेच्या जगात दोनशे वर्षे ठाण मांडून बसला आहे.

जगातल्या निम्म्याहून अधिक मार्गांवर हे अंतर १४३५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार फूट साडेआठ इंच. हा विचित्र आकडा कुठून आला याची एक लाडकी गोष्ट आहे: रोमन रथांच्या चाकोऱ्यांवरून तो आला म्हणे. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. खरे कारण घरगुती आहे. उत्तर इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लाकडी आणि मग लोखंडी रूळ टाकलेले असत. घोड्याच्या मागे सोयीची जी रुंदी, ती त्या गाड्यांची. आणि तीसुद्धा खाणीखाणीनुसार निराळी. जॉर्ज स्टीफन्सन किलिंगवर्थच्या खाणीवर कामाला होता. तिथल्या रुळांची रुंदी साधारण चार फूट आठ इंच. पुढे त्याने स्टॉक्टन-डार्लिंग्टन आणि मग १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग बांधला, तेव्हा हातात बसलेले तेच माप घेतले. चाकांच्या कडा रुळाला फार घासू नयेत म्हणून अर्धा इंच वाढवला, एवढेच. तिथे दुसऱ्या रुंदीची खाण असती, तर आज जग दुसऱ्या रुंदीवर धावले असते.

इझम्बार्ड ब्रुनेलला हे मान्य नव्हते. ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधताना त्याने कोळशाच्या खाणीचे माप बाजूला सारले आणि सात फुटांचे अंतर ठरवले (पुढे त्यात पाव इंचाची भर पडली). रुंद बैठक, स्थिर गाडी, मोठे इंजीन, अधिक वेग. तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर होते असे मलाही वाटते. पण १८४४ साली ग्लॉस्टरला त्याचे रुंद रूळ आणि उत्तरेकडून आलेले अरुंद रूळ समोरासमोर आले आणि भांडणाला तोंड लागले. प्रत्येक पेटी, प्रत्येक पोते, प्रत्येक जनावर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचे. संसदेच्या मंडळींना ही तारांबळ दाखवायची होती तेव्हा माल-व्यवस्थापकाने आधीच रिकाम्या केलेल्या गाड्या पुन्हा भरून उतरवल्या आणि गोंधळ दुप्पट केला, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे काही असो, गोंधळ मुळातच पुरेसा होता. १८४५ साली आयोग नेमला गेला. शर्यतीत ब्रुनेलची इंजिने जिंकली. पण तेव्हा देशात अरुंद रूळ होते सुमारे १९०० मैल आणि रुंद अवघे २७४ मैल. १८४६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये नव्या प्रवासी मार्गांना चार फूट साडेआठ इंच बंधनकारक झाले. आयर्लंडला पाच फूट तीन इंच! ग्रेट वेस्टर्नने शेवटचे रुंद रूळ उचलले ते १८९२ च्या मे महिन्यात, एका शनिवार-रविवारच्या आसपास, चार हजारांहून अधिक माणसे लावून.

हे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण असे की या भांडणाच्या ऐन काळात लंडनच्या व्यापार मंडळात, म्हणजे रेल्वेचे कज्जे जिथे येत त्या खात्यात, एक तरुण सरदार काम करीत होता. १८४३ मध्ये उपाध्यक्ष, १८४५-४६ मध्ये अध्यक्ष. १८४८ च्या जानेवारीत तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला. त्याचे नाव लॉर्ड डलहौसी.

आपल्याकडे डलहौसी म्हटला की सातारा, झाशी, नागपूर ही खालसा केलेली संस्थाने आठवतात. आठवायलाच हवीत. पण मुंबईच्या लोकलमध्ये एका डब्यात जी अशक्य गर्दी मावते तिच्यातही त्याचा वाटा आहे. कंपनीच्या संचालकांचे म्हणणे इंग्लंडचेच माप घ्यावे असे होते. सल्लागार अभियंता सिम्स याने पाच फूट सहा इंच सुचवले. डलहौसी त्याहून पुढे गेला. १८५० च्या टिपणात त्याने सहा फुटांचा पुरस्कार केला आणि त्याबरोबर एक ताकीद दिली: माप कोणतेही घ्या, पण साऱ्या देशात ते एकच ठेवा. ग्लॉस्टर त्याने जवळून पाहिले होते. शेवटी सिम्सचे माप कायम झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चारशे पाहुणे घेऊन निघालेली गाडी याच पाच फूट सहा इंचांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर धावली. आजही हे माप तेच आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अर्जेंटिना, चिली यांच्या पंगतीत सॅन फ्रान्सिस्कोची शहरी रेल्वेसुद्धा याच मापावर बसली आहे.

डलहौसीची ताकीद वीस वर्षेही टिकली नाही.

१८६९ साली लॉर्ड मेयो आला. तोवर रेल्वे बांधायच्या त्या विलायती कंपन्यांनी, सरकारने नफ्याची हमी द्यायची आणि खर्च फुगत जायचा, असा प्रकार चालला होता. आता सरकारने स्वतः स्वस्तात बांधाव्यात असे ठरले. स्वस्त म्हणजे अरुंद, हे समीकरण मांडले गेले. वळण तीव्र घेता येते, भराव कमी लागतो, पूल हलके होतात, इंजीन छोटे चालते. कुणी पावणेतीन फूट म्हणे, कुणी साडेतीन. मेयोने मधला मार्ग काढला, तीन फूट तीन इंच आणि वर थोडेसे. म्हणजे नेमके एक मीटर. त्या वेळी हिंदुस्थानात दशमान मापे आणायचा सरकारचा विचार होता. त्यासाठीचा कायदाही १८७१ मध्ये झाला. तो कधी अमलात आला नाही. देशाला मीटर मिळाला तो १९५६ च्या कायद्यानंतर, पण रुळांना तो तब्बल ८५ वर्षे आधी मिळून गेला होता. १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी हा पहिला मीटरगेज मार्ग सुरू झाला.

या निर्णयावर तेव्हाही कडाडून टीका झाली. विरोधकांचा एक मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो. रूळमार्गाचा खर्च मुख्यतः रुळांमधल्या अंतरावर ठरत नाही, आसावर किती भार टाकणार यावर ठरतो. हलके रूळ आणि हलकी इंजिने वापरून ब्रॉडगेजही स्वस्तात बांधता आले असते. पुढे वाहतूक वाढली की रूळ जड करायचे. रूळ बदलणे सोपे, रुंदी बदलणे महाकठीण. वायव्य सरहद्दीकडच्या मार्गांवर लष्कराने हे ऐकवले आणि तिथे सरकारने मीटरगेजचा बेत सोडून ब्रॉडगेज घातले. तोफा एका गाडीतून दुसरीत चढवत बसायला सेनापतींना वेळ नव्हता. शेतकऱ्याच्या पोत्यांसाठी असे कुणी भांडले नाही.

आता मिरजेकडे वळतो. १८७६-७८ च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक उद्ध्वस्त केले. धान्य दुसरीकडे होते, पण ते माणसांपर्यंत पोचत नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने संरक्षक रेल्वेमार्गांची शिफारस केली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी असा मार्ग निघाला. दुष्काळी मार्ग, म्हणून स्वस्त. स्वस्त, म्हणून मीटरगेज. मुरगाव बंदरातून घाट चढून येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वेही १८८८ मध्ये याच मापाने आली. १८९१ मध्ये कोल्हापूर मिरजेला जोडले गेले, तेही मीटरनेच.

तिसरा रूळ आणला तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने. हा गृहस्थ जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आला होता. मुंबई-सोलापूर हमरस्ता बार्शीला टाळून गेला होता आणि कापूस-धान्याची ही मोठी पेठ वीस-बावीस मैल बाजूला पडली होती. कॅलथ्रॉपने नोकरी सोडली, लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रेल्वे सुरू केली. स्वस्त म्हणजे काय हे मेयोपेक्षा त्याला अधिक नेमके कळले होते. आसावरचा भार पाच टन, प्रत्येक वाघिणीला आणि इंजिनालाही तोच नियम. सगळ्या आसांवर भार सारखा, म्हणून हलका रूळ पुरतो. गाड्या हिंदुस्थानात पाठवण्याआधी १८९६ मध्ये त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यांची चाचणीही घेतली. ही रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. लातूरची आडत बाजारपेठ या अडीच फुटांनी उभी केली असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. जाता जाता सांगायचे तर कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या करू लागला. त्याच्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’. आषाढी-कार्तिकीला त्याच्या गाडीतून पंढरीला गेलेल्या कुणाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. तेव्हापासून मिरज हे तीन मापांचे स्थानक बनले. पुण्या-मुंबईकडे १६७६, बेळगाव-हुबळी-गोव्याकडे १०००, पंढरपूर-लातूरकडे ७६२ मिलिमीटर. लहानपणी आजीबरोबर बेळगावहून पंढरपूरला जाताना आम्ही मिरजेला उतरत असू. मीटरगेजची गाडी मला पुरेशी मोठी वाटे, ती पलीकडे ब्रॉडगेजचा डबा दिसेपर्यंत. आणि त्या दोन्ही पाहून झाल्यावर बार्शी लाईटचा डबा खेळण्यासारखा वाटे. आजीला या कौतुकाशी घेणे नव्हते. तिचे लक्ष ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा आणि मी, या चार नगांवर असे. “हात सोडू नकोस रे, इथंच माणसं हरवतात,” हे तिचे मिरज स्थानकाचे वर्णन.

माझे मामा सांगलीला हळदीच्या आडतीवर मुनीम होते. गेज बदलणे म्हणजे काय हे मला त्यांच्या वहीने शिकवले. मिरजेच्या पुढे मीटरगेजने जाणाऱ्या मालापुढे ‘तूट’ असा एक रकाना असे. पोते एका वाघिणीतून दुसरीत जाताना हूक लागून फाटे, हळद सांडे, एखादे पावसात भिजे, एखादे गायब होई. गुळाच्या ढेपांचे हाल याहून वाईट. शिवाय ब्रॉडगेजची वाघीण आली आणि पलीकडे मीटरगेजची रिकामी वाघीण तयार नसली, की माल दोन-दोन दिवस पडून. मामा म्हणत, “अरे, भाडं मैलावर नसतं, मिरजेवर असतं.”

हा अनुभव आपल्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने आधी पाच फूट तीन इंच ठरवले, अभियंता बदलला तसे मत बदलून चार फूट साडेआठ इंच घेतले. शेजारच्या व्हिक्टोरियाने तोवर पहिल्या मापाने गाड्या मागवल्या होत्या. क्वीन्सलँडने तिसरेच, साडेतीन फुटांचे घेतले. सिडनी-मेलबर्न प्रवाशाला सीमेवर ऑल्बरीला रात्री-अपरात्री गाडी बदलावी लागे, आणि १८९५ मध्ये तिथून गेलेल्या मार्क ट्वेनने त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. सलग रूळ झाले ते १९६२ मध्ये. रशियाने पाच फूट घेतले. त्या मार्गाचा सल्लागार व्हिस्लर हा अमेरिकी अभियंता होता आणि ते माप अमेरिकेच्या दक्षिणेत चालत होते. शत्रूची गाडी आत येऊ नये म्हणून रशियाने मुद्दाम वेगळे माप घेतले हे नंतर जोडलेले शहाणपण. पण १९४१ मध्ये जर्मन सैन्याला रूळ आत सरकवीत पुढे जावे लागले आणि त्यात त्याची दमछाक झाली, हे मात्र खरे. २०२२ मध्ये काळ्या समुद्रातली बंदरे बंद पडल्यावर युक्रेनचे धान्य रेल्वेने पोलंडकडे वळले, तेव्हा १५२० आणि १४३५ मिलिमीटरच्या सांध्यावर वाघिणींच्या रांगा लागल्या. ८५ मिलिमीटर! पोस्टकार्डाच्या रुंदीइतका फरक.

या फरकावर माणसांनी नाना युक्त्या केल्या. तिसरा रूळ टाकून मिश्र मार्ग केला. पोलंडच्या सीमेवर ब्रेस्टला डबे जॅकवर उचलून खालच्या बोगी बदलत असत, प्रवासी आत झोपलेले. स्पेनमधल्या टॅल्गो कंपनीने १९६९ पासून चाके चालता चालता आत-बाहेर सरकणाऱ्या गाड्या चालवल्या. खुद्द कॅलथ्रॉपने इंग्लंडात एका छोट्या लाईनवर मोठ्या वाघिणी पाठीवर घेऊन जाणाऱ्या वाघिणी वापरल्या. प्रत्येक युक्ती आपापल्या जागी चालली. कायमचा इलाज एकच, आणि तो महाग.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रेल्वेंनी तो १८८६ मध्ये दोन दिवसांत केला. ३१ मे आणि १ जूनला सुमारे ११,५०० मैल मार्गाचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. खिळे आधीच ठोकून ठेवलेले, माणसे मैलामैलावर उभी. हे जमले कारण अंतर तीन इंचांचे होते. तेच डबे, तेच पूल, फक्त चाके आसावर आत ढकलायची. एक मीटरवरून १६७६ वर जायचे म्हणजे ६७६ मिलिमीटरची उडी. स्लीपर नवे, पूल नवे, फलाट मागे घ्यायचे, बोगदे रुंदवायचे, इंजिने-डबे सगळे निराळे. गोव्यातल्या ब्रागांझा घाटातले बोगदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याची कल्पना येईल.

१९९० च्या सुमारास देशातल्या सुमारे ६२ हजार किलोमीटर मार्गांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मार्ग मीटरगेज होते. जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना १९९२ मध्ये ‘युनिगेज’ मोहीम सुरू झाली. तेवढ्या पैशांत नवे मार्ग, दुहेरी मार्ग का टाकू नयेत, असा आक्षेप तेव्हा अनेक जाणत्यांनी घेतला होता. त्यात तथ्य होते. कमी वाहतुकीच्या काही मार्गांवर खर्च भरून निघायला पिढ्या जातील. पण मराठवाड्यात मनमाड-औरंगाबाद-परभणी मार्ग रुंद व्हावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे मोर्चे काढीत होती, निवेदने देत होती, ती हौसेने नव्हे. मुंबईची गाडी मनमाडलाच थांबते, म्हणजे कारखाना, माल, भरती, उपचार सगळेच मनमाडला थांबते, हे त्यांना कळत होते. तो मार्ग नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंद झाला. मिरज-लोंढा-वास्को त्याच दशकात. बार्शी लाईट त्यापुढच्या दशकात. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ मात्र राष्ट्रीयीकरणातून सुटलेली, खासगी कंपनीच्या मालकीची. कापसासाठी टाकलेली ही अडीच फुटी लाईन मालकीच्या घोळात अरुंदच राहिली आणि अखेर बंद पडली.

गंमत अशी की देशातले रूळ १६७६ वर एक होत असतानाच आपण दुसरे माप घरात आणले. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या मार्गांना ई. श्रीधरन यांना १४३५ हवे होते. रेल्वे मंडळाने ब्रॉडगेजचा आग्रह धरला आणि ते मार्ग तसे झाले. त्यानंतरच्या मार्गांना मात्र १४३५ मिळाले. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रो त्याच मापावर आहेत, मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान मार्गही. जपानमध्येही असेच झाले: साडेतीन फुटी जाळ्यावर १९६४ मध्ये १४३५ ची शिंकान्सेन आली. शहरातल्या बंदिस्त मेट्रोला वेगळे माप चालते, तयार गाड्या जगभरातून मिळतात, वळणे तीव्र घेता येतात. अतिवेगवान गाडीचे मला तितकेसे पटत नाही. ती कधी ना कधी जुन्या रुळांवरून पुढच्या गावाला जावीशी वाटणारच. स्पेनने १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिया अतिवेगवान मार्ग १४३५ ने केला, आणि बाकीच्या देशात त्याच गाड्या पोचवायला त्यांना चाके सरकवणारी यंत्रे बसवावी लागली.

गेल्या वर्षी मिरजेला गेलो तेव्हा गेज बदलाच्या काळात यार्डात पोती वाहिलेल्या एका वृद्ध गृहस्थांना भेटलो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पूर्वी हे माल बदलायचे काम पुण्याला चाले, १९७१ नंतर ते मिरजेला आले आणि त्यांच्या टोळीला पंचवीस वर्षे रोजगार मिळाला. “रूळ एक झालं, आमचं काम गेलं,” ते म्हणाले. आवाजात तक्रार होती, पण फार नाही. मुलगा बेळगावला नोकरीला आहे. इथे बसतो, तिथे उतरतो. मणक्याचे दुखणे तात्यांना त्या पंचवीस वर्षांनी दिले, त्याचा हिशोब मात्र कुठल्या वहीत नाही.

जलदूत भरताना ते पाहायला गेले होते. “आमच्या टायमाला आसतं तर बादल्यांनी भरलं आसतं,” म्हणून हसले. मग त्यांनी मला विचारले, नातू पुण्यात असतो, तो मेट्रोने जातो. ती मेट्रो आपल्या रुळावर येते का? मी सांगितले, नाही, तिचे रूळ २४१ मिलिमीटरने अरुंद आहेत. त्यांनी दोन्ही हात समोर धरून ते अंतर हवेत मापले, थोडे आत घेतले, पुन्हा पाहिले.

“म्हंजी उतरायचं, चढायचं हायच,” तात्या म्हणाले.